चारात एक

सगुणाक्का मगदूमला बिंदू काही पटेना.

"ज्याला लांबी नाही, रुंदी नाही, फक्त जागा आहे, तो बिंदू," टेबलावरचं यंत्र गोड आवाजात म्हणालं.

"लांबी न्हाई, रुंदी न्हाई, मग हाय कशाला?" सगुणाक्का म्हणाली.

तिच्या कपाळाला मऊ कापडाची पट्टी बांधली होती. पट्टीवर कानशिलापाशी काचेचा एक मणी होता. तो विझलेलाच राहिला. यंत्रानं जरा विचार केल्यासारखं केलं आणि दुसरी वाट धरली.

"सुईचं टोक कागदाला टेकलं की उमटते ती खूण."

"ते भोक."

समोर बसलेल्या केतकी दाणीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. पुण्याच्या संस्थेतून ती हिंगणपेठेत आली होती ती अशाच बाईच्या शोधात, आणि आता मिळाली आहे तर दुखवून चालणार नव्हतं.

यंत्र पुन्हा बोललं. "तुमच्या घरापासून मिरची कांडपाकडं रस्ता जातो. रस्ता कुठं संपला आणि कांडप कुठं सुरू झालं, ती नेमकी जागा. उंबऱ्याची जाडीही धरायची नाही. तो बिंदू."

सगुणाक्कानं डोळे मिटले. तिनं मनातल्या मनात उंबरा काढून टाकला. रस्ता आला, कांडप आलं, मधे काहीच उरलं नाही, तरी जागा उरली. मणी हिरवा पेटला.

"हां," ती म्हणाली. "आसं सांग की बाई. मघापासनं काय लावलंय लांबी-रुंदी."

त्या पट्टीला उमजपट्टी म्हणत. तिचं शास्त्र तसं अवघड नव्हतं. माणसाच्या डोक्यात निरनिराळ्या ठिकाणी विजेच्या बारीक लहरी सारख्या चालू असतात, जिची तिची चाल वेगळी. लेझीम शिकणाऱ्या पोरांसारखं, कुणाचा पाय पुढं, कुणाचा मागं. पण एखादी गोष्ट उमजते त्या क्षणी लांब लांबच्या लहरी एका ठेक्यावर येतात. क्षणभरच. पट्टी तो ठेका ओळखते आणि मणी पेटवते. एवढंच. पण या एवढ्यावर राज्यातली पाठ्यपुस्तकं बदलायला निघाली होती. आजवर व्याख्या लिहायचा शिकलेला माणूस आणि तपासायचाही शिकलेलाच. त्याला सगळं आधीच माहीत, त्यामुळं लिहिलेलं कुणाला कळतंय का, हे त्याला कळायचा संबंधच नव्हता. आता यंत्र व्याख्या करणार, ज्याला ते माहीत नाही अशा माणसाला ऐकवणार, आणि मणी पेटेपर्यंत शब्द बदलत राहणार.

त्यासाठी माहीत नसलेली माणसं हवी होती, आणि ती दुर्मीळ झाली होती. त्यातही एक माणूस एका व्याख्येला एकदाच उपयोगी. एकदा उमजलं की संपलं. केतकीच्या संस्थेत अशांना 'कोरी माणसं' म्हणत.

"कोरी काय?" सगुणाक्कानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "मी काय ताग्यातलं कापड हाय?"

"न शिकलेली असं म्हणायचं नव्हतं, म्हणून."

"मग न शिकलेलीच म्हण. ते खरं तरी हाय. दुसरीत शाळा सुटली, लगीन झाल्यावर मी कांडपावर बसले, आन् तवापासनं या पेठेत माझ्यापुढं कुणी चढ्या आवाजात बोललेलं न्हाई."

ते खरंच होतं. मिरची कांडप सासऱ्यानं घातलेलं, नवऱ्यानं जवळजवळ बुडवलेलं, आणि सगुणाक्कानं उभं केलेलं. नवरा गेल्यावर मुलगा धैर्यशील कळता होईपर्यंत तिनं एकटीनं चालवलं. कुणाच्या घरच्या मसाल्यात ब्याडगी मिरची किती, संकेश्वरी किती, हे तिला त्या घरच्या सुनेपेक्षा जास्त ठाऊक असे. आणि ती ते त्या सुनेला ऐकवायचीही.

तर बिंदू झाला. शून्य पटकन झालं: डबा आहे, आतला मसाला संपला. समांतर म्हणजे कांडपाची दोन मुसळं, जन्मभर शेजारी नाचतील पण गळाभेट नाही. सरासरीला वेळ लागला, कारण सगळ्यांचं एकत्र करून सारखं वाटणं हेच सगुणाक्काला अन्यायाचं वाटलं. सगळ्यात शेवटी यंत्र म्हणालं:

"चारात एक शक्यता म्हणजे, एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा केली, तर दर चार वेळांमागं साधारण एकदा तसं होणं."

मणी लगेच पेटला. इतक्या झटकन दुसऱ्या कशालाही पेटला नव्हता. सगुणाक्काच्या डोळ्यांपुढं कांडपावरची तिची कापडी पिशवी आली. चार बायका, चार खुणा, हात घातला, एक बाहेर. ह्यात न कळण्यासारखं काय होतं?

केतकी खूश झाली. बाकीच्या कोऱ्या माणसांचेही मणी असेच पेटले होते. व्याख्या पास झाली.

तिला काय उमजलं, हे कुणी तिला विचारलं नाही. मणी पेटल्यावर विचारायचं काय?

*

दोनेक वर्षांत ती व्याख्या सगळीकडं गेली. शाळेच्या पुस्तकात गेली, पिकविम्याच्या यंत्रात गेली, दवाखान्यांत गेली. धैर्यशीलनं आईला मोबाइलवर दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी कांडपावर आलेल्या प्रत्येक बाईला तिनं सांगितलं.

"माझ्या डोक्यातनं पास झाल्यालं हाय ते. सरकारी."

"मग आता पेन्शन बसवा म्हणावं," समोरची मालन म्हणाली. मालन कासाराची, सगुणाक्काची चाळीस वर्षांची शेजारीण. तिच्याशिवाय असं बोलायची कुणाची छाती नव्हती.

त्याच हिवाळ्यात सून प्रांजलीला दिवस गेले.

घरात आनंद झाला, पण दबकत झाला. कारण जुई. धैर्यशील-प्रांजलीची ही पहिली पोर, सहा वर्षांची, बोलायला आजीवर गेलेली आणि रंगानं पांढरीफटक. तिच्या अंगात रक्त नीट बनत नव्हतं. दर महिन्याला दुसऱ्याचं रक्त चढवायचं, मग त्या रक्तातलं लोह साठतं म्हणून त्याचं औषध घ्यायचं. रोगाचं नाव थॅलेसेमिया. सगुणाक्का ते नाव घेत नसे. 'जुईचं दुखणं' म्हणत असे, जणू दुसऱ्या कुणाचं ते असूच शकत नव्हतं.

दवाखान्यात तिघं गेली. तालुक्याचा नवा दवाखाना, सगळं यंत्रावर. तरुण डॉक्टरनं धैर्यशील आणि प्रांजलीला उमजपट्ट्या बांधल्या आणि यंत्रानं सांगितलं. रक्त कसं बनवायचं याच्या प्रत्येकाजवळ दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. धैर्यशीलची एक चिठ्ठी चांगली, एक बिघडलेली. प्रांजलीचंही तसंच. एका चांगल्या चिठ्ठीवर माणसाचं निभतं, म्हणून ती दोघं धडधाकट. बाळाला दोघांकडून एकेक चिठ्ठी जाते. दोन्हीकडून बिघडलेलीच गेली तर बाळ जुईसारखं. तशी शक्यता चारात एक. आणि मग ती व्याख्या आली, शब्दन् शब्द तीच. सगुणाक्कानं मागच्या खुर्चीवर पदर सावरला.

"पोटातच तपासता येतं," यंत्र म्हणालं. "सुईनं थोडं पाणी काढावं लागतं. त्यात क्वचित गर्भाला धोका होतो. बाळाला आजार निघाला, तर हल्ली पोटात असतानाच आईच्या पेशी देऊन उपचार करता येतात. मात्र चौथा महिना संपायच्या आत. त्यानंतर त्या पेशी बाळाचं शरीर स्वीकारत नाही."

दोघांचे मणी पेटले. पूर्वी डॉक्टर विचारायचे, समजलं का, आणि माणसं माना हलवायची. आता माना हलवायची गरज नव्हती. डॉक्टरनं दोन हिरवे मणी बघितले आणि म्हणाला, "ठरवून सांगा मग." बाहेरच्या पेशंटला हाक गेली.

गाडीत सगुणाक्कानंच ठरवलं.

"सुई-बिई काय नको. चारात एक म्हंजे एक. ती आपली जुई झाली. आता पुढची तीन मोकळी."

धैर्यशीलनं सुस्कारा सोडला. त्याला हेच ऐकायचं होतं. बारावीपर्यंत गणितात तो बरा होता, पण बाप होणाऱ्याचं गणित वेगळंच असतं.

"पण आत्ती," मागच्या सीटवरून प्रांजली म्हणाली, "दरवेळी ते नव्यानं नसतं का?"

"तुजा मणी पेटला न्हवं?"

"पेटला."

"मग?"

प्रांजली खिडकीबाहेर बघत राहिली. तिला सुईचीही भीती होती आणि सुई न घेण्याचीही, आणि दोन भीतींपैकी सासूनं एक कमी केली होती. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पण ज्या बाईच्या डोक्यातून व्याख्या पास झाली, तिच्यापुढं त्या व्याख्येवर काय बोलायचं?

*

चैत्रात कांडपावर ही गर्दी. अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या, आत लोखंडी मुसळं धडधडतायत, हवेत मिरचीचा असा खाट की नवखा माणूस दारातच शिंकून परत जातो. केतकी दाणी शिंकत शिंकतच आत आली. नव्या व्याख्यांसाठी माणसं बघायला ती पेठेत आली होती, आणि येता येता घरच्यांनी मसालाही सांगितला होता.

"बस गं दाणीबाई," सगुणाक्का म्हणाली. "मसाल्याला आलीस न्हवं? मग तुजी पण खूण टाक. हितं ओळखीपाळखीवर पाळी लागत न्हाई."

"खूण?"

"कायबी दे. तुजंच पायजे फकस्त."

केतकीनं कानातलं एक काढून दिलं. सगुणाक्कानं ते कापडी पिशवीत टाकलं. आत एक हळकुंड होतं, एक सुपारी, मालनची फुटकी बांगडी. हा तिचा कायदा. कोण आधी आलं, कुणाचा नवरा सरपंच, कुणाला गावाला जायचंय, काही चालायचं नाही. पिशवी हलवायची, तोंड फिरवून हात घालायचा, जिची खूण निघेल तिची मिरची मुसळाखाली. निघालेली खूण जिची तिला परत.

हळकुंड निघालं. हळकुंडवाली उठली. मग सुपारी. मग केतकीचं कानातलं.

"म्हंजे आता माजीच राह्यली," मालन म्हणाली. "नशिबातच न्हाई पहिलं येणं."

"निदान येणार हे तरी पक्कं हाय. गप बस."

केतकी कानातलं हातात घेऊन उभी होती. "सगुणाक्का, निघालेली खूण तुम्ही परत पिशवीत टाकत नाही का?"

"परत टाकली तर तुजंच कानातलं दोनदा निघंल, आन् मालन सांजपतोर हितंच बसंल. एकदा निघाली ती निघाली. बाकीच्यांची वाट मोकळी."

"अच्छा."

"त्येच की गं तुजं, चारात एक. यंत्र बोललं तवा मला हीच पिशवी दिसली बग. म्हनून तर झटक्यात मणी पेटला." सगुणाक्का आज खुशीत होती. "आमच्या घरात बी तसंच. जुई निघाली ती एक. आता प्रांजलीला चौथा लागलाय, पर काळजी न्हाई. तीन खुणा चांगल्याच राह्यल्यात."

केतकीनं कानातलं कानात घालायचं सोडून दिलं. 

"तपासणी केली ना पण?"

"कशाला? सुई घालून बाळाला धोका कुणी सांगितलाय?"

मुसळांच्या आवाजात केतकीला ओरडून बोलणं भाग होतं, आणि जे बोलायचं ते ओरडण्यासारखं नव्हतं. तिनं सगुणाक्काला हाताला धरून अंगणात नेलं. आयुष्यात सगुणाक्काला हाताला धरून कुणी कुठं नेलं नव्हतं. ती चकितच होऊन गेली.

"अक्का, ते तसं नाही. प्रत्येक बाळाला पिशवी नव्यानं भरते. चारच्या चार खुणा पुन्हा आत. जुईच्या वेळी जे निघालं ते तिच्याबरोबर गेलं. या बाळालाही चारात एकच शक्यता आहे. जेवढी जुईला होती तेवढीच."

"मणी पेटला हुता माजा."

"पेटला होता."

"मग?"

 "मणी एवढंच सांगतो की तुम्हाला उमजल्यासारखं वाटलं. बरोबर उमजलं की चूक, ते त्याला कळत नाही. डोक्यातला ठेका दोन्ही वेळी सारखाच असतो. आम्हाला हे ठाऊक होतं. आमच्या अहवालात शेवटच्या पानावर लिहिलेलं आहे. पण इतके मणी पेटत होते, की आत कुणाला कुठलं चित्र दिसतंय हे मी कुणालाच विचारलं नाही. तुम्हालाही नाही."

"म्हंजे मला कळलं न्हाई, आसं म्हनायचंय तुला."

"मी नीट सांगितलं नाही, असं म्हणायचंय."

"एकच झालं ते." सगुणाक्काचा आवाज बर्फासारखा झाला. "तुजा मसाला झाला की घिऊन जा. आन् माज्या घरच्या लेकराबद्दल माज्याच अंगणात बोलू नगंस."

केतकी गेली. जाताना तिनं धैर्यशीलचा नंबर मागितला नाही, प्रांजलीला गाठलं नाही. फक्त एवढं म्हणाली, "चौथा महिना संपायच्या आत, अक्का." मसाल्याची पिशवी ती विसरूनच गेली.

*

दुपारी कांडप बंद असतं. सगुणाक्का जेवली नाही. पोटात दुखतंय म्हणाली. तिचं पोट कधी दुखत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलणार कोण?

ती पुढच्या सोप्यात बसून राहिली. त्या पोरीचं बोलणं खोटं होतं असं तिनं पाच-सहा वेळा ठरवलं, आणि दरवेळी ते ठरलेलं मोडलं. शेवटी तिनं पिशवी घेतली. डब्यातून चार सुपाऱ्या काढल्या आणि एकीला कुंकवाचं बोट लावलं.

प्रांजली ताट झाकायला आली, ती तिथंच थबकली.

"काय करताय, आत्ती?"

"बस हितं."

सगुणाक्कानं चारही सुपाऱ्या पिशवीत टाकल्या, हलवल्या, तोंड फिरवून हात घातला. कोरी सुपारी. तिनं ती परत आत टाकली. हे करताना हात अडला. चाळीस वर्षांत निघालेली खूण तिनं परत टाकली नव्हती. पुन्हा हलवलं. कोरी. परत आत. मग कुंकवाची निघाली.

"ही जुई," ती म्हणाली, स्वतःशीच.

कुंकवाची सुपारी तिनं हातात धरून ठेवली. टाकवेना. सवयीनं वाटत होतं, हिची पाळी झाली, आता ही बाहेर. प्रांजलीनं सासूची मूठ उघडली, सुपारी घेतली आणि पिशवीत सोडली. पिशवी हलवली आणि पुढं धरली.

सगुणाक्कानं हात घातला. पुन्हा कुंकवाचीच निघाली.

 आतल्या खोलीत जुई टीव्हीशी मोठमोठ्यानं भांडत होती.

"लगोलग दोनदा," सगुणाक्का म्हणाली.

"निघते की. पिशवीला काय ठाऊक, मघाशी काय निघालं ते. पिशवीला आठवण नसते."

सगुणाक्कानं सुनेकडं बघितलं. चांगलं निरखून, जसं लग्नात बघून घेतलं होतं आणि नंतर बघायचं राहून गेलं होतं.

"हे तुला त्या दिवशी गाडीत कळत हुतं?"

"थोडं थोडं. असं बोलता येत नव्हतं. मनात खुपत होतं नुसतं."

"मग गप का बसलीस?"

"तुमचा मणी पेटला होता, आत्ती. सरकारी." प्रांजलीच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्तच लागला. "आणि मलाही वाटत होतं, तुमचंच खरं असावं. सुई टळेल."

"सुईचं भ्या हायच की."

"आहे."

"ते यंत्र म्हनालं तसं, क्वचित. म्हंजे लई मोठी पिशवी, आन् त्यात कुंकवाची एकच." सगुणाक्का एकेक शब्द तोलून बोलत होती. पाठ केलेलं नव्हतं ते. "आन् ही आपली नुसती चाराची. तूच सांग आता, कुठल्या पिशवीत हात घालायचा. पोट तुजं हाय."

असं तिनं या घरात आजवर कुणाला विचारलं नव्हतं. प्रांजलीनं पदराला डोळे टेकले आणि म्हणाली, "जाऊया."

सगुणाक्का उठली. धैर्यशील आत पंख्याखाली लवंडला होता.

"गाडी काढ."

"कुठं?"

"दवाखान्यात. तपासून घ्यायचं."

"आई, तूच म्हणाली होतीस ना, एक झाली, बाकीची मोकळी?"

"म्हनाले हुते. चुकीचं म्हनाले हुते."

धैर्यशील ताडकन उठून बसला. आईनं काय सांगितलं यापेक्षा कुठला शब्द वापरला, याचाच त्याला धक्का बसला असावा. चपला शोधताना तो दोनदा आईकडं वळून बघत होता.

*

सुई झाली. प्रांजलीला दोन दिवस निजवून ठेवलं. निकाल यायला वेळ होता आणि तेवढ्या वेळात सगुणाक्काचं जे झालं ते तिनं कुणाला दिसू दिलं नाही. एरवी अशा वेळी ती घरातल्यांना दम देऊन धीर देत असे: काय होत न्हाई, मी सांगते न्हवं. आता ते वाक्य तोंडापर्यंत यायचं आणि परत जायचं. काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे तिला आता नीट ठाऊक झालं होतं. ती जुईच्या वेण्या घालत बसायची. इतक्या घट्ट, की पोर ओरडायची.

धैर्यशीलला सांगून तिनं केतकीला फोन लावला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"तुजा मसाला हितं पडलाय. आन् ती व्याख्या मागं घे."

"घेतली, अक्का. परवाच कळवलंय सगळीकडं. दवाखान्यांना पहिलं."

"मग नवी करताना मला बोलाव."

"तुम्ही आता चालणार नाही," केतकी चाचरत म्हणाली. "तुम्हाला कळलंय ना. तुम्ही त्यासाठी कोऱ्या राहिला नाहीत."

 सगुणाक्का म्हणाली, "कोरी न्हाई ते बरं हाय. कोऱ्या मानसाला तुमी नुसतं मणी बगून सोडून देता. मी समोर बसंन, आन् इचारीन."

निकाल शुक्रवारी आला. यंत्रानं नव्हे, डॉक्टरनं सांगितला. बाळाची एक चिठ्ठी बिघडलेली होती, एक चांगली. म्हणजे आईबापासारखंच. आजार नाही. उपचाराची गरज नाही. मात्र मोठं झाल्यावर, लग्नाच्या वयात, त्यालाही कुणीतरी हे सगळं समजावून सांगायला लागेल. प्रांजली तिथंच खुर्चीत रडली, धैर्यशील भिंतीला टेकला. सगुणाक्कानं डॉक्टरला विचारलं, "पुढच्या येळला?" डॉक्टर म्हणाला, "पुन्हा चारात एक." तिनं मान हलवली आणि उठली.

घरी आल्यावर मालन साखर घेऊन आली. पाठोपाठ केतकीही आली, तिच्या मसाल्यासाठी, आणि पिशवीत उमजपट्टी घेऊन.

"बगा," मालन केतकीला म्हणाली, "उगं भ्या घातलंत लेकुरवाळीला. आमची सगुणा पहिल्यापास्नं सांगत हुती, एक झाली की बाकीची मोकळी. झालं का न्हाई तिचंच खरं?"

सोप्यातली सगळी हसली. धैर्यशीलही हसला. आईकडं कौतुकानं बघायला लागला. एवढं एक वाक्य तिनं खाली पडू दिलं असतं, तर आजवरचा सगळा मान जागच्या जागी राहिला असता, पेठेत वाढलाही असता. केतकीसुद्धा काही बोलली नसती. आजचा दिवस तसा होता.

सगुणाक्कानं साखरेची वाटी खाली ठेवली.

"माजं खरं न्हवतं, मालन. मी चुकलेच हुते. पोर बरं निघालं म्हनून माजं चुकल्यालं बरोबर हुत न्हाई. ते चांगलं निघालं, ही येगळी गोष्ट हाय."

"आता एवढं काय त्यात? चांगलं झालं म्हंजे झालं."

"न्हाई झालं. उद्या तुजी नात हितं आली आन् तिला तू तेच सांगितलंस तर?" तिनं केतकीकडं हात पुढं केला. "दे ती पट्टी."

मालन नको नको म्हणेपर्यंत पट्टी तिच्या कपाळाला बसली. सगुणाक्कानं पिशवी पुढ्यात ओढली, चार सुपाऱ्या टाकल्या, काढली, परत टाकली. पुन्हा काढली, पुन्हा टाकली. शब्द प्रांजलीचेच वापरले, आणि ते प्रांजलीचे आहेत हेही सांगितलं.

मालनच्या कानशिलापाशी मणी हिरवागार पेटला.

"झालं," मालन पट्टी सोडायला हात वर करत म्हणाली. "सुटले बाई."

सगुणाक्कानं मण्याकडं बघितलंही नाही. तिनं पिशवी हलवली आणि मालनच्या हातात दिली.

"तो पेटू दे न्हाईतर इझू दे. आता तू सांग मला."